केळीवर हरण्या, घरात व्हायरल: हे जंतू नेमके आहेत तरी कोण?

पावसाची झड लागली की जळगावच्या रावेर-यावलकडून दोन बातम्या हमखास येतात. एक, केळीवर हरण्या हा रोग दिसायला लागला. दोन, तापाच्या पेशंटनी दवाखाने भरले. कृषी केंद्रावर माणसं विचारतात, "भाऊ, काय मारू?" आणि चार दुकानं सोडून मेडिकलवर, "भाऊ, काय घेऊ?" दोन्हीकडून पिशवीत काही ना काही पडतंच. पण बऱ्याचदा ते औषध ज्या जंतूवर चालतं तो जंतू तिथे नसतोच. पैसे जातात, बाग जाते, आणि तापाच्या बाबतीत पुढे जे जातं त्याचा हिशोब आणखी वाईट आहे.

त्याच कृषी केंद्रावरून आपण रायझोबियम या जिवाणूचं आणि ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीचं पाकीटही आणतो. म्हणजे रोख पैसे मोजून जंतू विकत घेतो आणि बियाण्याला चोळतो. मग जंतू मारायचे की पोसायचे? कोणता जंतू, कुठे आणि किती, यावर ते ठरतं. तेवढं कळण्यापुरती सूक्ष्मजीवशास्त्राची, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांच्या अभ्यासाची, ही तोंडओळख.

## एका कापड व्यापाऱ्याने ते पहिल्यांदा पाहिले

एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. साधारण जिवाणू एक-दोन मायक्रॉन लांब असतो. भल्या तीक्ष्ण नजरेलाही तो दिसणं शक्य नाही, म्हणून हजारो वर्षं कुणाला पत्ताच नव्हता.

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात अँटनी व्हान लेवेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी होता. कापडाची वीण तपासायला हे लोक भिंग वापरत. याला भिंगं घासण्याचा नादच लागला. त्याने इतकी ताकदवान भिंगं बनवली की पाण्याच्या थेंबात वळवळणारे जीव दिसू लागले. १६७६ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला तसं पत्र लिहिलं. पुढे १६८३ साली दातांवरचं कीट खरवडून पाहिलं, त्यातही तेच. कापसावर जगणाऱ्या आपल्या मुलखाला ही गोष्ट आवडावी: जंतूंचा शोध सूत तपासणाऱ्याच्या हातून लागला.

मात्र हे जीव आणि आजार यांचा संबंध पक्का व्हायला आणखी दोनशे वर्षं गेली. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जिवाणू सापडल्याचं जाहीर केलं. पुढच्या दोन वर्षांत पटकीचा, म्हणजे कॉलराचा, जिवाणू शोधत ते इजिप्तमार्गे कोलकात्याला आले आणि तिथे त्यांनी तो वेगळा काढला. तोवर आपल्याकडे पटकी आली की मरीमातेला साकडं घालणं एवढंच लोकांच्या हाती होतं. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. शत्रू दिसतच नव्हता.

## एकाच बागेत तीन जातीचे जंतू

"जंतू" हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्यात एकमेकांशी काडीचं नातं नसलेले जीव येतात. समजून घ्यायला केळीची बाग पुरेशी आहे.

पानावर लांबट ठिपके पडून पान करपतं, तो करपा, म्हणजे सिगाटोका. ही बुरशी. बुरशी तंतूंनी वाढते, तिचे बीजाणू वाऱ्यावर आणि पावसाच्या शिंतोड्यांवर पसरतात. हिच्यावर बुरशीनाशक चालतं. रोगट पानं काढली, बागेत हवा खेळती ठेवली आणि वेळेवर फवारणी केली, तर करपा आटोक्यात राहतो.

नव्या लागवडीत, उष्णता आणि साचलेलं पाणी एकत्र आलं की कंद सडतो, घाण वास येतो, रोप हलवलं की जमिनीलगत मोडून हातात येतं. ही कंदकुज जिवाणूमुळे होते. जिवाणू म्हणजे एका पेशीचा पूर्ण जीव. त्याला स्वतःची भिंत आहे, तो स्वतः खातो, स्वतःचे दोन तुकडे करून वाढतो. बुरशीवरचं औषध त्याला लागू पडेलच असं नाही.

आणि तिसरा हरण्या. याचं कागदोपत्री नाव कुकुंबर मोझॅक व्हायरस, म्हणजेच सीएमव्ही. पानावर पिवळे पट्टे, पान आखूड, पोंगा, म्हणजे मधलं कोवळं गुंडाळलेलं पान, सडतो, झाडाची वाढ खुंटते. हा विषाणू. त्याचा एक कण सुमारे तीस नॅनोमीटरचा, म्हणजे एका मायक्रॉनच्या अंतरात तीसेक कण ओळीने बसतील. त्याला पेशी नाही, तोंड नाही, श्वास नाही. प्रथिनाच्या कवचात गुंडाळलेली थोडी जनुकं, बस. केळीच्या पेशीत शिरला की तिथलीच सगळी सामग्री वापरून तो आपल्या प्रती काढून घेतो. बाहेर असताना तो जिवंत म्हणावा की नाही, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात.

ज्याचं स्वतःचं काही चालतच नाही, त्याचं तुम्ही बंद काय पाडणार? म्हणून हरण्या झालेल्या झाडाला बरं करणारं फवारणीचं औषध नाही. बुरशीनाशकाचा पंप मारा की जिवाणूनाशकाचा, विषाणूला त्याचा पत्ताही लागत नाही. तो मावा किडीमार्फत पसरतो, आणि तेही असं, की माव्याने रोगट पानात सोंड खुपसून काढली की काही क्षणांत तो पुढच्या झाडाला रोग द्यायला तयार. कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत त्याचं काम उरकलेलं असतं. म्हणूनच सल्ला रुक्ष वाटला तरी तोच खरा आहे: रोगट झाड मुळासकट उपटून पुरा, बांधावरचं तण काढा, आणि केळीत काकडी, भोपळा, टोमॅटो घेऊ नका, कारण हा विषाणू त्यांच्यावरही मुक्काम करतो. झाड उपटायला जीव होत नाही हे खरं. पण वाट बघितली तर शेजारची दहा झाडं जातात.

सातपुड्यातल्या पाड्यांवर ज्याचा त्रास आजही माहीत आहे तो हिवताप या तिन्हींत बसत नाही. त्याचा जंतू आदिजीव या चौथ्या गटातला. पेशी एकच, पण तिची घडण आपल्या पेशीसारखी. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात तो पाहिला. त्याची औषधं पुन्हा वेगळी.

## मग व्हायरल तापावर अँटिबायोटिक का नाही?

आता हेच माणसावर लावू. अँटिबायोटिक म्हणजे जिवाणूला मारणारं किंवा त्याची वाढ थांबवणारं औषध. पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधू देत नाही. काही औषधं त्याचा प्रथिनं बनवण्याचा कारखाना बंद पाडतात. आपल्या पेशींना तशी भिंत नसते, म्हणून आपण वाचतो आणि जिवाणू मरतो. विषाणूला भिंतही नाही आणि कारखानाही नाही. सर्दी, फ्लू, डेंग्यू हे सगळे विषाणूंचे आजार. तिथे अँटिबायोटिक घेणं म्हणजे हरण्यावर बुरशीनाशक मारणं.

यावर लगेच येणारं उत्तर: "पण मी तीन दिवसांची गोळी घेतली आणि बरा झालो." झालात, खरं आहे. बहुतेक व्हायरल ताप पाच-सात दिवसांत शरीर स्वतःच उतरवतं. आपण तिसऱ्या दिवशी गोळी सुरू करतो, सहाव्या दिवशी बरं वाटतं आणि श्रेय गोळीला मिळतं.

"मग डॉक्टर का लिहून देतात?" याचं उत्तर इतकं सरळ नाही. कधी विषाणूने दुबळ्या झालेल्या छातीत मागाहून जिवाणू शिरतो, तिथे ते औषध लागतंच. जिवाणूमुळे होणारा टायफॉइड आणि व्हायरल ताप पहिल्या दोन दिवसांत सारखेच दिसू शकतात. आणि कधी, स्पष्टच बोलायचं तर, पेशंटला रिकाम्या हाताने जायचं नसतं. "नुसती तापाची गोळी दिली" म्हणून डॉक्टर बदलणारे आपणच आहोत. डॉक्टरांनी तपासून दिलेलं औषध पूर्ण घ्यावंच. माझा आक्षेप आहे तो मेडिकलवर जाऊन "मागच्या वेळची ती पाच गोळ्यांची पट्टी द्या" म्हणण्याला.

## बोंडअळीने हा धडा आधीच दिलाय

जंतू औषधाला दाद देईनासा कसा होतो, हे खान्देशातल्या शेतकऱ्याला वेगळं समजवायची गरज नाही. त्याने ते गुलाबी बोंडअळीत पाहिलंय.

बीटी कापूस भारतात २००२ साली आला. बीटी हे मुळात मातीतल्या एका जिवाणूचं नाव, बॅसिलस थुरिंजिएन्सिस. हा जिवाणू अळीच्या आतड्याला फाडणारं प्रथिन बनवतो. त्याचं जनुक कापसात घातलं, आणि झाडच अळीला मारू लागलं. २००६ साली दोन जनुकांचं वाण आलं. सुरुवातीची वर्षं सोन्याची होती. पण लाखो अळ्यांत जन्मतःच एखादी अशी असते की तिला ते विष बाधत नाही. बाकीच्या मेल्या, ती उरली. रान मोकळं मिळाल्यावर तिचीच प्रजा वाढली. म्हणून ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं दिलं जायचं. ते कडेने लावलं की तिथे साध्या अळ्या जगतात, त्यांचा दणकट अळ्यांशी संकर होतो आणि दणकटपणा पातळ होत राहतो. ती छोटी पुडी किती जणांनी लावली ते आपल्याला ठाऊक आहे. वर फरदड ठेवून, म्हणजे हंगाम संपल्यावरही कापूस उभाच ठेवून, अळीला वर्षभर खायला घातलं. २०१७ साली महाराष्ट्रभर बोंडं फुटायच्या आधीच किडली.

जिवाणूंमध्ये हेच होतं, फक्त कैक पटींनी झपाट्याने. नको तिथे घेतलेली गोळी शरीरातले साधे जिवाणू मारते आणि दणकटांना रान मोकळं करून देते. शिवाय बोंडअळीला जे जमत नाही ते जिवाणूला जमतं. औषध पचवणारं जनुक तो शेजारच्या, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देऊन टाकतो. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन १९२८ साली सापडलं, नोबेल १९४५ साली मिळालं, आणि त्याच वेळच्या भाषणात त्यांनी अपुऱ्या डोसाचा हा धोका सांगून ठेवला होता.

क्षयाचे उपचार साधारण सहा महिने का चालतात, तेही इथेच कळतं. हा जिवाणू फार संथ. एकाचे दोन व्हायला त्याला पंधरा-वीस तास लागतात, आणि काही तर झोपल्यासारखे पडून राहतात. औषधं मुख्यतः वाढणाऱ्यावर चालतात. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, वजन वाढतं, माणूस गोळ्या सोडतो. आत उरलेले मग उठतात, आणि त्यांत औषध पचवलेले असले की पुढचा उपचार लांब, महाग आणि त्रासाचा.

## रात्री दहा ते सकाळी सहा

संथ क्षयाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या आतड्यातला ई. कोलाय नावाचा जिवाणू. मनासारखं अन्न आणि ऊब मिळाली तर वीस मिनिटांत एकाचे दोन. रात्री दहाला एक असेल तर सकाळी सहाला, चोवीस वेळा दुप्पट होऊन, १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. प्रत्यक्षात अन्न संपतं, आंबटपणा वाढतो, वेग मंदावतो. तरी मे महिन्यात, पारा ४४-४५ वर असताना, सकाळची डाळ संध्याकाळी का उतरते ते या हिशोबात आहे.

फ्रिज जंतू मारत नाही, त्यांचा वेग कमी करतो. लाइट गेली की घड्याळ पुन्हा सुरू. "पुन्हा खळखळून उकळलं की झालं" हेही अर्धंच खरं. काही जिवाणू मरताना मागे विष ठेवून जातात. स्टॅफिलोकॉकस नावाचा, हातावरच्या जखमेतून आणि नाकातून येणारा जिवाणू बासुंदीत किंवा खव्यात वाढला, तर त्याचं विष उकळूनही जात नाही. लग्नसराईतल्या विषबाधेत असा प्रकार सापडतो. शिजलेल्या भातातही असंच होतं. बॅसिलस सिरियसचे टणक बीजाणू शिजवताना तगून राहतात, भात तासन्‌तास बाहेर राहिला की जागे होतात.

आपल्या बायकांनी हे गणित न मांडता सोडवलं होतं. उन्हाळ्याचं वाळवण बघा. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायचं, आंबूस वास यायला लागतो. बिबड्यांसाठी ज्वारी भिजवून आंबवतात. तो वास लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंचा, विरजणात असतात त्यांच्याच गोतातल्या. आंबटपणात बाकीचे उपद्रवी जंतू टिकत नाहीत. मग चीक शिजवायचा, आणि खान्देशच्या उन्हात कडकडीत वाळवायचा. पाण्याशिवाय कोणताच जंतू वाढत नाही, म्हणून डब्यातली कुरडई वर्षभर टिकते. लोणच्यात मीठ जंतूच्या अंगातलं पाणी ओढून घेतं आणि वरचं तेल हवा तोडतं. ओला चमचा घातला की आजी का ओरडायची, ते आता सांगायला नको.

## "आम्ही नदीचं पाणी पिऊन मोठे झालो, काय झालं?"

हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येतं, आणि बोलणारा खोटं बोलत नसतो. पण हे सांगायला जे उरले तेच सांगतात. त्या पिढीत घराघरात एखादं तरी मूल हगवणीने, गोवराने गेलेलं असायचं. पोटातले जंतू सवयीचे होतात हे काही अंशी खरं आहे, पटकीची सवय होत नाही.

गावच्या टाकीत टाकतात ती टीसीएल पावडर म्हणजे क्लोरीन. तो जिवाणूंची आणि बऱ्याच विषाणूंची बाहेरची रचनाच जाळतो. पण त्याला अर्धा तास तरी द्यावा लागतो, आणि पाणी गढूळ असेल तर क्लोरीन त्या गाळातच खर्ची पडतो. म्हणून आधी तुरटी. पोतं उघडं राहिलं तर पावडरीचा जोर उडून जातो. पाणीपुरवठ्याचा कर्मचारी नळाच्या पाण्यात थेंब टाकून पिवळा रंग बघतो, ती ओटी टेस्ट. ती शेवटच्या गल्लीतल्या नळावर व्हायला हवी. टाकीखाली केलेली टेस्ट कोणीही पास होईल. पाइप गटारीतून जात असेल आणि गळका असेल, तर टाकीत कितीही पावडर टाका.

## मग सगळेच मारून टाकले तर?

तर आपणही उरणार नाही. २०१६ साली मांडलेल्या एका अंदाजानुसार माणसाच्या अंगात सुमारे ३० लाख कोटी पेशी स्वतःच्या आणि ३८ लाख कोटी जिवाणू. बहुतेक मोठ्या आतड्यात. ते आपल्याला न पचणारा चोथा पचवतात, के जीवनसत्त्व बनवतात, आणि जागा अडवून ठेवतात म्हणून बाहेरच्याला शिरकाव मिळत नाही. अँटिबायोटिकने जुलाब का होतात? गोळीला घरचा-परका कळत नाही. गाईचंही तसंच. कडबा गाय खाते, पण पचवतात तिच्या पोटातले सूक्ष्मजीव. शेणाबरोबर ते गोबर गॅसच्या टाकीत उतरतात आणि तिथे मिथेन बनवतात.

शेतात तर त्यांच्याशिवाय पान हलत नाही. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण पिकाला तो थेट घेता येत नाही. तूर, हरभरा, सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम राहतो आणि हवेतला नायट्रोजन पिकाला लागणाऱ्या रूपात आणतो. बदल्यात पीक त्याला साखर देतं. गाठ फोडून बघा. आत गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे.

इथे एक चूक सर्रास होते. पाकिटात पावडर दिसते, पण आत जिवंत माल आहे. ते उन्हात, गाडीच्या डिकीत तापलं की मेलं. बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि सगळ्यात शेवटी जिवाणू खत, हा क्रम मोडला किंवा तिन्ही एकत्र कालवलं की जिवाणू मेला. बियाणं सावलीत सुकवून लगेच पेरायचं. हरभऱ्याचं रायझोबियम सोयाबीनला चालत नाही, पिकाचं नाव पाकिटावर वाचून घ्या. "सर्व पिकांसाठी, सर्व रोगांवर" असं लिहिलेल्या जिवाणूच्या बाटलीवर माझा विश्वास बसत नाही. जीवामृताचं विचाराल, तर शेण, गूळ आणि बेसन घातल्यावर त्यात जंतू वाढतात यात शंका नाही. कोणते वाढले आणि किती, हे मात्र ड्रमागणिक बदलतं, त्यामुळे एकाचा अनुभव दुसऱ्याला येईलच असं नाही.

## कोण आहे ते कळणार कसं?

नजरेने अंदाज बांधता येतो, खात्री होत नाही. पान पिवळं पडायला लोहाची कमतरताही पुरते. शंका असेल तर पान घेऊन जळगावच्या केळी संशोधन केंद्रात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावं. टिश्यू कल्चरचं, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या तुकड्यापासून वाढवलेलं, रोप बुरशी आणि जिवाणूंपासून बहुतांशी स्वच्छ असतं, पण ज्या मातृझाडापासून ते वाढवलं त्यात विषाणू असेल तर हजारो रोपांत तोच उतरतो. म्हणून रोपं घेताना मातृझाडांची विषाणू तपासणी झाली आहे का, याचा कागद मागायला लाजू नये.

माणसाच्या बाबतीत डॉक्टर "कल्चर करू" म्हणतात. लघवी, थुंकी किंवा रक्ताचा नमुना पोषक थरावर ठेवून त्यात काय उगवतं ते बघायचं. हा थर अगारने, म्हणजे समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या जेलीसारख्या पदार्थाने, घट्ट करतात, आणि ही सूचना कॉख यांच्या प्रयोगशाळेला १८८१ साली फॅनी हेसे या बाईंनी केली. त्या स्वयंपाकघरात जेलीसाठी अगार वापरत होत्या. टिश्यू कल्चरची केळीची रोपंही अगारवरच वाढतात. उगवलेल्या जिवाणूवर वेगवेगळी औषधं लावून बघतात. रिपोर्टवर औषधापुढे "एस" असेल तर ते चालेल, "आर" असेल तर जिवाणू त्याला दाद देत नाही. जंतू वाढायलाच वेळ लागतो, म्हणून रिपोर्टला दोन-तीन दिवस जातात. लॅबवाला टाळाटाळ करत नसतो.

"नो ग्रोथ" आला म्हणजे आजार नाही असं समजू नये. विषाणू या थरावर उगवत नाही, क्षयाचा जिवाणू दोन दिवसांत उगवत नाही. आणि नमुना देण्याआधी घरातल्या डब्यातली एखादी अँटिबायोटिक घेतली असेल, तर जिवाणू थरावर उगवण्याइतका धड उरत नाही, पण आत शरीरात तग धरून असतो. नमुना पहिली गोळी घेण्याआधी द्यावा. घेतली असेल तर कोणती, ते डॉक्टरांना सांगावं. पट्टी फेकली असेल तर मेडिकलवाल्याला विचारून यावं.